दुसऱ्या गेमपुरते बियाणे

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत बसून आज कॉम्प्युटर गेम बनवायचा म्हटले, तर साहित्याची अडचण जवळजवळ उरलेली नाही. गोडो हे गेम इंजिन पूर्णपणे मोफत आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवले आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. त्रिमितीय चित्रांसाठी ब्लेंडर मोफत आहे. युनिटीला वर्षाची उलाढाल २ लाख डॉलर होईपर्यंत पैसे द्यावे लागत नाहीत आणि अनरियल इंजिन एका गेमची कमाई १० लाख डॉलरच्या वर गेल्याशिवाय हिस्सा मागत नाही. गेम विकायला स्टीम या ऑनलाइन दुकानावर ठेवण्याचे शुल्क १०० डॉलर, गूगल प्ले स्टोअरवर खाते उघडण्याचे एकदाच २५ डॉलर. गावात अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे कॉम्प्युटर शिकणारी मुले-मुली आहेत, आणि बऱ्यापैकी लॅपटॉप आता अनेक घरांत आहे. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी पिढ्यानपिढ्या चालू आहे आणि गाडी अजून चिखलीला आलेली नाही. पण गेमचा माल रवाना करायला रेल्वे लागत नाही. इथे तयार झालेला गेम एका रात्रीत टोकियोपासून टोरांटोपर्यंत विकायला ठेवता येतो. वीस वर्षांपूर्वी हे पुण्या-मुंबईतही अशक्य होते, कारण तेव्हा सीडी छापणारा, डबे पाठवणारा आणि दुकानात जागा मिळवणारा पब्लिशर लागत असे.

मात्र चिखलीसाठी उघडले, ते दार साऱ्या जगासाठी उघडले. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जून २०१७ मध्ये निवडीची जुनी पद्धत बंद केली आणि शुल्क भरणाऱ्या कोणालाही गेम विकायला ठेवण्याची मुभा दिली. २०१४ मध्ये स्टीमवर वर्षभरात दोन हजारांपेक्षाही कमी नवे गेम आले होते. २०२४ मध्ये हा आकडा अठरा हजारांच्या पुढे गेला. म्हणजे दिवसाला सरासरी पन्नास. खेळणाऱ्याचा दिवस मात्र तेवढाच राहिला आणि त्यातला मोठा वाटा जुन्याच लोकप्रिय गेमना जातो. स्टीमचे पहिले पान कोणता गेम कोणाला दाखवायचा हे ठरवते, तेव्हा तो आधी किती विकला गेला, किती जणांनी त्याला विशलिस्टमध्ये टाकले, याला वजन देते. ज्याला आधीच गिऱ्हाईक आहे त्याला आणखी गिऱ्हाईक मिळते. ज्याच्याकडे कोणी फिरकले नाही, तो पहिल्याच आठवड्यात खालच्या थरात जातो आणि तिथून सहसा वर येत नाही. गेम बनवण्याचा खर्च कोसळला. गेम कोणाच्या तरी नजरेला पडण्याचा खर्च मात्र वाढत गेला. स्वतंत्र गेम डेव्हलपरच्या अडचणींचे मूळ या दोन खर्चांच्या उलट्या चालीत आहे.

आकडे मांडून पाहिले की हे जास्त स्पष्ट होते. समजा, दोघांनी दीड वर्ष खपून एक गेम केला आणि किंमत ठेवली ४५० रुपये. समजा, त्याच्या हजार प्रती खपल्या. नवख्यांच्या पहिल्या गेमसाठी हा वाईट आकडा नाही. कागदावर साडेचार लाख होतात. पण बहुतेक प्रती सवलतीच्या काळात जातात आणि देशोदेशी किंमत वेगळी असते, म्हणून सरासरी ३०० रुपये धरू. तीन लाख. स्टीमच्या नियमाने खरेदीनंतर १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. दहा टक्के प्रती परत आल्या तर २ लाख ७० हजार राहतात. त्यातला ३० टक्के वाटा दुकानाचा. उरले १ लाख ८९ हजार. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो: पॅन देऊन, फॉर्म नीट भरून दोन देशांतल्या कराराचा फायदा घेतला तर १५ टक्के, नाही तर ३० टक्के. इतर देशांचे विक्रीकर आणि बँकेचे चलनबदलाचे पैसे वेगळेच. हातात पावणेदोन लाख पडले असे उदारपणे धरू. दोघांत अठरा महिन्यांवर वाटले तर माणशी महिन्याला पाच हजारही येत नाहीत. संगीत विकत घेतले असेल, नवा लॅपटॉप घेतला असेल, तर तो खर्चही यातूनच भागवायचा. आणि हे हजार प्रती खपल्याचे गणित आहे. शंभरसुद्धा न खपणारे गेम स्टीमवर ढिगाने आहेत.

हे पाहून बहुतेक जण विचारतात, ‘मग माझा गेम चालेल का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. कोणता गेम चालेल हे मोठमोठ्या कंपन्यांनाही आधी कळत नाही. शेकडो कोटी ओतलेले त्यांचे गेमही पडतात. ज्याचे उत्तर काढता येते असा प्रश्न वेगळा आहे: पहिला गेम पडल्यावर दुसरा करता येईल का, आणि दुसरा पडल्यावर तिसरा? माझे म्हणणे असे की, स्वतंत्र डेव्हलपरचे यश बहुतांशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. हुशारी लागतेच, चिकाटी लागतेच. पण किती वेळा हरूनही खेळात टिकता येते, हा आकडा त्याहून निर्णायक आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मृगाच्या पहिल्या पावसावर घरातले सगळे सोयाबीन पेरून टाकले आणि पुढे पंधरा दिवस पावसाने डोळे वटारले, तर दुबार पेरणीला हातात काहीच उरत नाही. पाऊस त्याच्या हातात नसतो. बियाणे किती राखायचे, हे काही अंशी असते.

पुरावा यशस्वी म्हणून गाजलेल्यांच्याच इतिहासात सापडतो. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा अँग्री बर्ड्स डिसेंबर २००९ मध्ये आला, तेव्हा तो त्यांचा बावन्नावा गेम होता. आधीच्या काळात त्यांनी इतर कंपन्यांची कामे करून दिवस काढले आणि कंपनी दिवाळखोरीच्या काठावर पोचली होती. अमंग अस हा गेम इनरस्लॉथ या तीन माणसांच्या गटाने जून २०१८ मध्ये आणला. तो जवळपास कोणाच्या लक्षातही आला नाही. तरी त्यांनी त्यात सुधारणा चालू ठेवल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीत काही लोकप्रिय स्ट्रीमरनी तो खेळायला घेतल्यावर जगभर त्याचे वेड पसरले. आपल्याकडचे उदाहरण लुडो किंगचे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा हा गेम २०१६ चा, पण कंपनी २०१० पासून छोटे-छोटे गेम करत होती. पुढे टाळेबंदीत घरोघरी माणसे फोनवर सोंगट्या हलवू लागली आणि खेळणाऱ्यांची संख्या कोटींत गेली. या तिघांनाही नशिबाने हात दिला हे खरेच. पण नशीब आले तेव्हा तिघेही अजून दुकान मांडून बसलेले होते. त्यांच्याइतक्याच गुणवत्तेचे पण दोन वर्षे आधी दुकान बंद करावे लागलेले किती असतील, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणूनच यशाच्या कथा वाचून धंद्याचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्टारड्यू व्हॅलीचा. एरिक बॅरोन या एकट्या अमेरिकन तरुणाने साडेचार वर्षे एकाच गेमवर घालवली. चित्रे, संगीत, कोड सगळे स्वतः केले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या त्या शेतीच्या गेमच्या ४ कोटींहून अधिक प्रती आजवर खपल्या. मग एकाच गेमवर सगळे पणाला लावणे चूक कसे? याचे उत्तर त्याच्या गेमच्या बाहेर, त्याच्या घरखर्चात आहे. त्या वर्षांत तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करत होता आणि घर मुख्यतः त्याच्या जोडीदारिणीच्या कमाईवर चालत होते. त्याने साडेचार वर्षे पणाला लावली, पण घराचे भाडे पणाला लावले नाही. गेम पडला असता तरी तो उपाशी राहिला नसता. एकाच गेमवर वर्षानुवर्षे थांबायचे, तर ती वर्षे कोणी तरी पोसावी लागतात. कोण पोसणार हे आधी ठरले असेल, तर एक मोठा गेम करणेही शहाणपणाचे ठरू शकते. धोका आहे तो कर्ज काढून किंवा नोकरी सोडून, शिल्लक सहा महिन्यांची असताना तीन वर्षांचा गेम हाती घेण्यात.

महाराष्ट्रातल्या स्वतंत्र गेमचा सर्वांत चांगला नोंदलेला प्रवास पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये ही कंपनी सुरू केली आणि ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम हाती घेतला. सर्कशीत वाढलेली राजी, हरवलेला भाऊ गोलू आणि असुरांशी युद्ध अशी कथा. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली आणि सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ यांतून उभे केलेले रूप. गेमची झलक लोकांना आवडली. तरीही २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की पूर्ण रक्कम जमली नाही तर एक रुपयाही मिळत नाही. इथे बहुतेक गट फुटतात. हा गट टिकला; त्यांनी खेळता येणारा नमुना लोकांपुढे ठेवला, अनरियल इंजिनच्या एपिक कंपनीचे अनुदान मिळवले, पुढे परदेशी पब्लिशर मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनांत त्याचे नाव होते, आणि २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने त्याची मोबाइल आवृत्ती आणली. या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग पुरस्कारसोहळ्याचा नाही. लोकवर्गणी फसल्याच्या दिवसापासून पब्लिशरचे पैसे येईपर्यंतचा काळ गटाने कसा काढला, तो आहे. तेवढ्या काळात पगार थांबले की चित्रकार नोकरी धरतो, प्रोग्रामर बंगळुरूला जातो, आणि गेम अर्धवट राहतो. चांगला असूनही.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. भारतात फोनवर गेम खेळणारे कोट्यवधी आहेत. मग स्टीमच्या परदेशी गिऱ्हाइकाच्या मागे कशाला लागायचे, घरच्या लोकांसाठीच गेम करावा. ऐकायला बरोबर वाटते. पण आपल्याकडचा फोनवाला खेळाडू गेमसाठी सहसा पैसे मोजत नाही. कमाई जाहिरातींतून करावी लागते, आणि भारतात दाखवलेल्या जाहिरातीचा दर अमेरिकेतल्या दराच्या मानाने अगदी किरकोळ असतो. म्हणून पोट भरायला लाखो खेळाडू लागतात. ते आपोआप येत नाहीत, जाहिराती विकत घेऊन आणावे लागतात, आणि त्या लिलावात समोर मोठ्या भांडवलाच्या कंपन्या बोली लावत असतात. पुण्याचीच सुपरगेमिंग ही कंपनी मास्कगन, इंडस यांसारखे मोबाइल गेम चालवते, पण त्यासाठी गुंतवणूकदारांचा पैसा, सर्व्हर आणि मोठी टीम लागते. दोघा-तिघांच्या गटाला परवडणारे रणांगण ते नव्हे. ४५० रुपये देणारी हजार माणसे जगभरातून गोळा करणे अवघड आहे. फुकट खेळणारे दहा लाख टिकवून धरणे त्या दोघांसाठी त्याहून अवघड आहे.

आता चिखलीकडे परत येऊ, कारण टिकण्याचे गणित मान्य केले तर गाव आणि शहर यांचा हिशेब थोडा बदलतो. पुण्यात खोलीचे भाडे, मेस, पेट्रोल यांत वर उल्लेखलेले पावणेदोन लाख काही महिन्यांत संपतील. चिखलीत स्वतःच्या घरात राहणाऱ्या, घरचेच जेवणाऱ्या मुलाला तेच पैसे कितीतरी जास्त काळ पुरतात. डॉलरमध्ये आलेली लहान रक्कमही इथे मोठी ठरते. म्हणजे एका शहरी डेव्हलपरचा एक गेम होतो तेवढ्या खर्चात इथे दोन-तीन होऊ शकतात. यावर कोणी म्हणेल, स्वस्ताई घेऊन काय करायचे, शिकवणारे, ओळखीचे, पब्लिशर सगळे शहरात आहेत. हा आक्षेप मी हलका मानत नाही. गेम एकट्याने बसून चांगला होत नाही. बनवणाऱ्याला आपल्या गेममधली प्रत्येक पायरी पाठ असते, म्हणून नवा माणूस कुठे अडतो हे त्याला दिसतच नाही. दुसऱ्याच्या हातात गेम द्यावा, आपण गप्प बसावे आणि तो कुठे थांबतो, कुठे कंटाळतो हे पाहावे, याखेरीज उपाय नाही. गूगलनेही आता वैयक्तिक नव्या खात्यांना अशी अट घातली आहे की, गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असले पाहिजे. पुण्यात असे बारा जण एका भेटीगाठीत मिळतात. चिखलीत ते मिळवायचे तर कॉलेजचा वर्ग, चुलत भावंडे, क्लासमधली पोरे यांना जमवावे लागेल, आणि ‘भारी आहे भाऊ’ याच्यापुढे त्यांच्याकडून काही काढून घ्यावे लागेल. अवघड हे दुसरे आहे. आपल्याकडे ओळखीच्या माणसाच्या कामाला नावे ठेवणे लोकांना जिवावर येते. परंतु अनोळखी परीक्षक इंटरनेटवर मिळतात आणि पब्लिशरशी बोलणे ईमेलवर होते. घरभाडे मात्र इंटरनेटवर कमी होत नाही. म्हणून एकटेपणाचा तोटा खरा असला, तरी प्रयत्नाने भरून काढण्याजोगा आहे असे मला वाटते. वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून पुणे-मुंबईतल्या मेळाव्याला जाणे हा खर्च मी चैनीत धरणार नाही, इंजिनाइतकाच आवश्यक धरेन.

गेम केवढा करायचा, हाही टिकण्याचाच प्रश्न आहे. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा वेन्बा २०२३ मध्ये आला. कॅनडात स्थायिक झालेले तमिळ कुटुंब, आणि आईच्या फाटक्या, अक्षरे पुसलेल्या वहीतली पाककृती खेळाडूने अंदाजाने पुरी करायची. सगळा गेम दीड तासाच्या आसपास संपतो. इतक्या लहान आणि इतक्या एका भाषेच्या, एका स्वयंपाकघराच्या गेमला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. यातून ‘आपली संस्कृती घाला की गेम चालेल’ असा धडा काढणे चूक ठरेल. लोणारचे विवर किंवा सिंदखेडराजाचा वाडा पार्श्वभूमीला लावल्याने खेळ रंजक होत नाही. वेन्बात पुसलेली अक्षरे जुळवणे हाच खेळ आहे आणि परदेशात भाषा निसटत जाणे हीच गोष्ट आहे. दोन्ही एकमेकांत विणलेले आहेत. विदर्भातल्या डेव्हलपरजवळ अशी माहिती आहे जी कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओजवळ नाही: पावसाचा अंदाज घेऊन पेरणीचा दिवस ठरवणे, बाजार समितीत भाव पडताना माल थांबवायचा की द्यायचा, विहिरीच्या पाण्याची भावकीत पाळी लावणे. हे सगळे निर्णय आहेत, आणि निर्णय हाच खेळाचा कच्चा माल असतो. स्टारड्यू व्हॅलीतल्या शेतात पीक सहसा बुडत नाही. पीक बुडण्याची शक्यता जिथे खरी आहे, असा दोन तासांचा गेम इथला माणूस सहा महिन्यांत करू शकेल.

घरच्यांचा आक्षेप आणखी वेगळा असतो. ‘गेमिंग’ म्हटले की त्यांना पैसे लावून खेळायची रमी आणि तीन पत्ती आठवते, आणि त्यात बुडालेली गावातली एखादी व्यक्ती. ही भीती निराधार नाही, पण ती दुसऱ्याच धंद्याविषयी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा फरक स्पष्ट केला: पैसे लावून खेळायचे गेम चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे यांना बंदी; ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक गेम यांना मान्यता. पैसे लावून खेळायचे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. गोष्ट सांगणारा किंवा कोडे घालणारा गेम विकणे हा या कायद्यापुढेही सिनेमा किंवा पुस्तक विकण्यासारखाच सरळ व्यवहार आहे. घरातल्या मोठ्यांना हे समजावून सांगण्यात वेळ घालवला पाहिजे, कारण चिखलीतल्या डेव्हलपरचा पहिला गुंतवणूकदार त्याचे घरच असते.

सरकार आणि कंपन्या यांचा पैसा आता या क्षेत्रात येऊ लागला आहे. प्लेस्टेशनने इंडिया हीरो प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या गेममध्ये मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ आहे. मानवी तस्करीसारख्या विषयावरचा हा गेम वैभव चव्हाण यांच्या गटाने हाती घेतला. क्राफ्टन कंपनीने २०२३ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात निवडलेल्या गटांना ५० हजार ते दीड लाख डॉलरचे साहाय्य ठेवले आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. या रकमेचे स्वागत करतानाच माझी एक मागणी आहे. अशा योजनांतला पैसा इमारती, पार्क आणि मोठ्या स्टुडिओंकडे वळण्याची सवय जुनी आहे. तालुक्याच्या गावातल्या दोघांना त्यातून लाभ व्हायचा असेल, तर पाच-सात लाखांची लहान अनुदाने लागतील, आणि ती पहिल्या गेमच्या कल्पनेवर न देता, एक गेम पूर्ण करून बाजारात ठेवलेल्या गटाला दुसऱ्यासाठी द्यावी लागतील. पहिला किती खपला हे त्यात पाहू नये. पूर्ण झाला का, आणि खेळणाऱ्यांनी काय सांगितले ते गटाने ऐकले का, एवढे पाहावे. अमरावती विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांना याची सुरुवात सरकारची वाट न पाहता करता येईल. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ग्रंथालय व्यवस्थापनाचे तेच ते सॉफ्टवेअर पुन्हा लिहून घेण्याऐवजी, चौघांच्या गटाने लहान गेम पूर्ण करून प्ले स्टोअरवर ठेवावा, वर्गातल्याच बारा जणांनी तो चौदा दिवस तपासावा, आणि त्यांच्या तक्रारींची यादी प्रकल्पाच्या अहवालात गुणांसाठी जोडावी. पदवी हातात पडेल तेव्हा त्या चौघांचा पहिला गेम होऊन गेलेला असेल, आणि त्यासाठी घरातले पैसे मोडावे लागलेले नसतील.